मशीन बंद पडलं, असं मी विमानात ओरडलो

मी विमानाला घाबरत नव्हतो. मी मशीनला ओळखत होतो, एवढंच. माझं सगळं आयुष्य सुरतेत लूम, म्हणजे कापड विणायची यंत्रं, दुरुस्त करण्यात गेलं. आधी उधन्याला, मग लिंबायतला, शेवटी सचिन नावाच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात. लूम दुरुस्त करणाऱ्याला इकडे मास्तर म्हणतात. शाळेतल्या मास्तराशी त्याचा काही संबंध नाही. मी स्वतः चौथी शिकलो, तीही धुळ्याकडच्या एका खेड्यात, जिथं गुरुजी आठवड्यातून तीनदा यायचे. पण मशीन मला कळतं. आणि मशीन कळणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते, की ते बंद पडतं. आज नाही तर उद्या पडतं. लूम बंद पडलं तर आपण जमिनीवर उभे असतो. बिडी पेटवतो, पाना शोधतो, शेठच्या नावानं दोन शिव्या घालतो. आभाळात बंद पडलं तर पाना घेऊन उभं कुठं राहायचं, एवढाच माझा प्रश्न होता. याला घाबरणं म्हणत नाहीत.

माझी बायको म्हणायची, यालाच म्हणतात.

तिला विमानाचं भारी वेड. रविवारी कधी विमानतळापलीकडं डुमसच्या समुद्रावर गेलो की टमाट्याची भजी घ्यायची आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून विमान उतरायची वाट बघायची, असा तिचा नेम. विमान डोक्यावरून गेलं की भजी हातात तशीच, मान वर, तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आलेला. "आपन बी एकदाव बसूत ना," म्हणायची. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, बाकीचं इथं मराठीत लिहिलंय. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. असं मी किती वर्षं म्हणालो ते मला माहीत आहे, पण इथं लिहिणार नाही. "तुम्हले भ्याव लागस," असं म्हणून ती माझ्या कागदातली भजीही उचलून खायची.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली. विमानात न बसता गेली.

ती गेली तेव्हा आमच्या मुलीला नुकतेच दिवस गेले होते. मुलगी बंगळुरूला असते, जावई तिथं कॉम्प्युटरचं काम करतो. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण आई गेल्याच्या धक्क्यानं म्हणा की कशानं, मुलीचं ब्लडप्रेशर वर राहायला लागलं आणि डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास बंद केला. म्हणजे पोरीला माहेरी येता येईना. मग माहेरानं पोरीकडे जायचं, असं ठरलं. माहेर म्हणजे कोण? सून जायला तयार होती, पण तिची धाकटी अजून अंगावर पिते. राहिलो मी.

"आप्पा, बाळंतपणाला बाप जातो का कुठं?" मुलगा म्हणाला. "तुम्ही तिथं जाऊन करणार काय?"

"काय करायचं असतं?"

त्यालाही माहीत नव्हतं. तो मार्केटात साड्यांच्या पार्सलचं काम करतो.

मुलीनं मात्र फोनवर सरळ सांगितलं, "आईच्या जागी कोणीतरी पाहिजे मला. सासूबाई आहेत, त्या चांगल्या आहेत, पण त्या त्याच्या आई आहेत. तुम्ही या."

मी रेल्वेचं तिकीट काढलं. दीड दिवसाचा प्रवास, खालचा बर्थ, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी पोचणार होतो. सूनबाईनं डिंकाचे लाडू वळून डबा भरला होता. सगळं बेतात होतं. आणि एका संध्याकाळी जावयाचा फोन आला. प्रेशर फार चढलं आहे, थांबता येणार नाही, उद्या दुपारी एक वाजता ऑपरेशन करून बाळ काढणार.

मुलीनं त्याच्या हातातून फोन घेतला. "आप्पा, रेल्वेनं निघालात तर बाळ रांगायला लागल्यावर पोचाल."

मी खिशातलं रेल्वेचं तिकीट काढून बघत बसलो.

"मला आत नेण्याआधी घरचं एक तोंड दिसू द्या. एवढंच म्हणते. मग तुम्ही बाहेर झोपा काढा हवं तर."

ती हे हसत म्हणाली, पण फोन लगेच जावयाकडे दिला. मी मुलाला म्हटलं, "काढ विमानाचं तिकीट." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरं लग्न करायचं म्हणालो.

सकाळी मुलानं मोटरसायकलवरून विमानतळावर सोडलं. आत जाताना एका जवानानं माझी झडती घेतली. मशीनमधून पिशवी गेली, मग माझा शर्ट चाचपला आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव बदलले. वरच्या खिशातून त्यानं दोन वस्तू काढल्या. एक धागा कापायची छोटी कातर. दुसरी, लूमच्या फणीच्या दातांतून तार ओढायची चपटी लोखंडी आकडी. आम्ही लोक धाग्याला तार म्हणतो. ही आकडी मी काम सोडल्यावरही खिशात ठेवतो, दुसरे लोक पेन ठेवतात तशी. लग्नातही असते.

"ये क्या है काका?"

"आकडी."

"किस काम की?"

"तार भरने की."

"कौन सी तार?"

मी त्याला समजावायला गेलो. उभा ताणा म्हणजे काय, आडवा बाणा म्हणजे काय, एका साडीत किती हजार तार असतात. मागे रांग लागली. तो म्हणाला, ही आत नेता येणार नाही. मी म्हटलं, साहेब, या आकडीनं मी विमान पाडणार आहे का? हे वाक्य विमानतळावर बोलायचं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मला बाजूला घेतलं, मोठ्या साहेबाला बोलावलं, लाडवांचा डबा उघडायला लावला, एकेक लाडू उजेडात धरून पाहिला. मोठ्या साहेबानं विचारलं, कुठं चाललात. मी म्हटलं, पोरीच्या बाळंतपणाला. तो म्हणाला, तुम्ही? मी म्हटलं, दुसरं कोणी राहिलं नाही. त्यानं डब्याचं झाकण स्वतः लावून दिलं. आकडी आणि कातर मात्र ठेवून घेतली.

म्हणून जेव्हा विमानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर पांढरा शर्ट, काळी पँट आणि खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या असलेली एक तरुण बाई येऊन बसली, तेव्हा मी ओळखलं. माझ्यावर पोलीस बसवला.

मी दोन्ही हात मांडीवर दिसतील असे ठेवले. ती पट्टा बांधत होती. मी म्हटलं, "मॅडम, आता खिशात काही नाही. बघून घ्या."

तिला काही समजेना. मग मी आकडीची सगळी गोष्ट सांगितली आणि ती इतकी हसली की पुढच्या खुर्चीवरच्या माणसानं मागं वळून पाहिलं. "काका, मी पोलीस नाही. मी पायलट आहे." मराठीत बोलली. नागपूरकडची निघाली.

मी खुर्चीतून निम्मा उठलो. "मग इथं का बसलीस? पुढं जाऊन चालव ना!"

"आज माझी ड्यूटी नाही इथं. पुढं दोघं आहेत. मला बंगळुरूहून दुसरं विमान न्यायचं आहे, तिथपर्यंत मी तुमच्यासारखीच बसून जाते."

हे मला बरं वाटलं. खात्यात एक मास्तर कामावर असताना दुसरा बाजूला बसलेला असणं केव्हाही चांगलं.

विमान धावलं. काय आवाज! शंभर लूम एकदम सुरू केल्यावर होतो तसा. माझ्या छातीत उलट शांत वाटलं. हा आवाज माझ्या ओळखीचा. ज्यानं लूमखात्यात आयुष्य काढलं त्याला गोंगाटात झोप लागते. त्याला जाग कशानं येते? आवाज कमी झाल्यानं. दुपारच्या पाळीत मी ताग्यांच्या ढिगावर डुलकी काढायचो, कानाशी पन्नास लूम धडधडायचे. त्यातलं एक थांबलं की माझे डोळे आपोआप उघडायचे आणि पाय चालायला लागायचे. कुठलं थांबलं तेही कळायचं. हे शिकवलेलं नाही, हाडात मुरलेलं आहे.

आम्ही वर चढलो. खाली तापी वाकडी पडलेली दिसली. मी खिडकीकडे बघत बसलो. आणि एकदम आवाज कमी झाला.

एकदम. धडधड होती ती निम्मी झाली. विमान पुढून जरा खाली झुकल्यासारखं वाटलं.

मी लूमखात्यात जसा ओरडायचो तसा ओरडलो. तिथं हळू बोललेलं कोणाला ऐकू जात नाही. "मशीन बंद पडलं! अरे बंद पडलं, उतरवा!"

आता ऐका गंमत. विमान सुरतेचं. माझी आरोळी उठली त्याच घटकेला वेगवेगळ्या रांगांतून आणखी तीन डोकी वर आली. एक पिकल्या केसांचे गुजराती काका, एक ओडिया भाऊ आणि मागच्या बाजूला एक टोपीवाला. तिघंही माझ्याआधीच दचकलेले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोणी काही न सांगता कळलं, हा लूमचा माणूस. बाकी सगळे आरामात मोबाईल बघत होते. त्यांना आवाज कमी झाल्याचं कळलंच नव्हतं. माझ्या ओरडण्यानं कळलं. मग एक बाई देवाचं नाव घ्यायला लागली, एक पोरगं रडायला लागलं आणि हवाईसुंदरी आपल्या जागेवरून हात खाली-खाली करत म्हणाली, "सर, प्लीज बैठिए."

पायलट पोरीनं माझं मनगट धरून मला बसवलं. मग पुढच्या-मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत म्हणाली, "कुछ नहीं हुआ है. ये नॉर्मल है." मला मराठीत म्हणाली, "काका, बंद नाही पडलं. त्यांनी कमी केलं."

"कमी कशाला केलं? अजून वर जायचंय ना?"

"जमिनीवरून उचलायला जास्त जोर लागतो. उचललं की तेवढा नको. सगळा वेळ पूर्ण जोरात चालवलं तर इंजिन लवकर झिजेल. तुम्ही लूम सगळा वेळ पूर्ण स्पीडवर ठेवता का?"

मी ठेवत नव्हतो. शेठ ठेवायला लावायचे, मी हळूच कमी करायचो. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढं बसलेले तुमच्याच मताचे आहेत."

ओडिया भाऊ दोन रांगा पुढून मान वळवून बघत होता. मी त्याला लूमखात्यातली खूण केली, तळहात खाली दाबून. सगळं ठीक, चालू आहे. त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. आमच्या त्या खुणा कुठल्याही भाषेपेक्षा पक्क्या.

मग मी त्या पोरीला सोडलं नाही. एवढ्या उंचावर जाणकार माणूस शेजारी सापडल्यावर कोण सोडेल? पहिला प्रश्न माझा जुनाच होता. "बरं, आता नाही पडलं. पण पडलंच तर?"

"दोन आहेत. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर उडतं आणि उतरतंसुद्धा."

"हे पुस्तकात लिहिलेलं की तू करून पाहिलंस?"

"दर सहा महिन्यांनी करते. खोट्या विमानात. जमिनीवर एक खोली असते, आतून अगदी विमान. परीक्षा घेणारा मागे बसतो आणि छळतो. आता इंजिनाला आग लागली, आता धुकं आलं, आता चाक खाली येत नाही. आपण घामाघूम. नापास झालो तर खऱ्या विमानाला हात लावू देत नाहीत."

"केस पांढरे झालेल्या पायलटालाही?"

"त्यांनाही."

मला हसू आलं. आमच्यात एकदा मास्तर झाला की तो मास्तरच. त्याची परीक्षा घ्यायला गेला तर पाना डोक्यात बसेल.

ती रंगात येऊन सांगत होती. निघण्याआधी दोघांतला एक जण विमानाभोवती पायी फेरी मारतो, चाकं, पंख, इंजिनाचं तोंड सगळं डोळ्यांनी बघतो. दोन विमानं हवेत जवळ यायला लागली तर ती एकमेकांना ओळखतात आणि एकाला सांगतात तू वर जा, दुसऱ्याला तू खाली. पुढच्या दोघांचं जेवणही वेगळं वेगळं असतं, म्हणजे एकाचं पोट बिघडलं तरी दुसऱ्याचं शाबूत. हे मला फार पटलं. आमच्या कारखान्यात एकदा सगळ्यांनी एकाच गाडीवरची पाणीपुरी खाल्ली होती आणि तीन दिवस लूम बंद होते.

"आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे यादी," ती म्हणाली. "निघताना, उतरताना, प्रत्येक वेळी. एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा बघून उत्तर देतो. हे चालू? चालू. ते बंद? बंद."

"रोज तेच?"

"रोज तेच."

"मग पाठ झालं असेल की. वाचायचं कशाला?"

"पाठ झालं म्हणूनच वाचायचं, काका. जे पाठ असतं तेच माणूस न बघता हो म्हणून टाकतो."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला माझी बायको दाराशी उभी दिसली. घरातून कुठंही निघताना, भाजीला जायचं असलं तरी, ती उंबऱ्यात थांबायची आणि मला विचारायची. गॅस? मी म्हणायचो, बंद. नळ? बंद. देवापुढचा दिवा? शांत केला. मागची खिडकी? अगं लावली, चल आता. मी दर वेळी वैतागायचो. "इतकी वर्षं तेच तेच विचारतेस, कधी राहिलं का काही?" ती म्हणायची, "म्हणूनच नाही राहिलं." ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी सकाळी फिरायला गेलो आणि नळ उघडा राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाईच्या गाद्या भिजल्या. ती भांडायला वर आली. मी दारात उभा होतो आणि मला एवढंच सुचत होतं, की आज मला कोणी विचारलं नाही.

ती पोरगी काय समजली कुणास ठाऊक. यादीचं बोलणं तिनं तिथंच सोडलं. मग मीच विचारलं, "आणि मोठा पायलट चुकला तर? तू धाकटी. तू काय करणार?"

"बोलणार."

"तो रागावला तर?"

"रागावू दे. आम्हाला शिकवलेलंच तसं आहे. मला काही खटकलं आणि मी गप्प राहिले तर चूक माझी. आणि धाकट्यानं सांगितलेलं त्यानं ऐकलं नाही तर चूक त्याची."

आमच्या घरात मोठा पायलट मी होतो. गेल्या पावसाळ्यात बायको जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायला लागली. दोनदा मला म्हणाली, दम लागतो हो. मी म्हटलं, वय झालं, मलाही लागतो. मला लागत नव्हता. पन्नास लुमांतलं एक बंद पडलं तर झोपेत कळणारा माणूस मी, आणि शेजारी झोपलेल्या बाईचा श्वास बदललेला मला कळला नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदयाचं होतं, लवकर आणलं असतं तर बघता आलं असतं. हे मी मुलांना सांगितलेलं नाही. आता ते वाचतील, तर वाचू देत.

पायलट पोरीला मी यातलं काही बोललो नाही. लाडवाचा डबा उघडून तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, बाळंतिणीचे आहेत ना? मी म्हटलं, एकानं काही कमी होत नाही, आणि तुला पुढं विमान न्यायचं आहे, ताकद पाहिजे. तिनं खाल्ला.

विमान खाली यायला लागलं. घड्याळात साडेदहा होत होते. मी हिशेब बसवला होता. अकराला बाहेर, जावयानं गाडी ठरवली होती, साडेबाराला दवाखाना. पोरीला आत नेण्याआधी अर्धा तास हातात. खाली लाल माती दिसली, नारळ दिसले, मग घरांची छपरं, मग रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग ओळखू यायला लागले. चाकं बाहेर आल्याचा आवाज मी बरोबर ओळखला. धावपट्टी आलीच होती. आणि विमान जोरात गरजलं, तोंड वर केलं आणि परत आभाळात चढायला लागलं.

या वेळी आवाज वाढला होता, त्यामुळे आम्हा चार लूमवाल्यांना काही वाटलं नाही. बाकीचं सगळं विमान ओरडलं.

मी मात्र चिडलो. "अरे, उतरव ना बाबा! हाताशी आलं होतं! माझी पोरगी तिथं वाट बघतेय!"

पायलट पोरगी खिडकीतून बाहेर बघत होती. तिचा चेहरा जराही बदलला नव्हता. "वारा असेल, किंवा पुढचं विमान अजून पट्टीवर असेल. त्यांना ठीक वाटलं नाही. म्हणून पुन्हा फिरून येणार."

"ठीक वाटलं नाही म्हणजे काय? थोडंसंच राहिलं होतं!"

"थोडंसंच राहिलं होतं, म्हणून रेटायचं नाही. दोघांपैकी एकानं जरी म्हटलं, नको, की वर जायचं. वाद घालायचा नाही. नंतर कोणी ओरडत नाही, तू का वर नेलंस म्हणून. उशीर झाला तर चालतो."

"मला नाही चालत," मी म्हटलं.

"माहिती आहे, काका."

मग काय करणार? मी बसलो. विमान मोठा वळसा घेऊन फिरत होतं आणि मी मनात पुढच्या त्या दोघांना शिव्या घालत होतो. मधेच एका शिवीशी अडकलो. मला वाटलं, हे दोघं तिथं बसलेत, मागं सगळे लोक घड्याळ बघतायत, तरी त्यांच्यातला एक जण म्हणाला, नको, मला बरोबर वाटत नाही. आणि दुसऱ्यानं ऐकलं. वय झालं, मलाही तसं होतं, असं म्हणाला नाही. मी शिव्या थांबवल्या. उरलेल्या शेठसाठी ठेवल्या.

दुसऱ्यांदा विमान असं उतरलं की चाक टेकलेलं समजलं नाही. मागून टोपीवाला मोठ्यानं म्हणाला, "मास्तर अच्छा है!" सगळे हसले. मला वाटतं पुढच्या दोघांना तेवढी शाबासकी ऐकू गेली नसेल.

पायलट पोरीनं माझी पिशवी वरून काढून दिली, गाडीवाल्याला तिच्या फोनवरून तिथल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि मला त्याच्यापर्यंत सोडून आपल्या दुसऱ्या विमानाकडे पळाली. तिचं नाव विचारायचं राहिलं. रस्त्यात गर्दी एवढी की पायी चालणारे पुढं जात होते. पाऊण वाजता मी दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. तिसऱ्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर मला खरोखर दम लागला. मी थांबलो. मग चढलो.

मुलीला चाकाच्या खाटेवर घेतलेलं होतं. अंगावर हिरवा कपडा, पाय सुजलेले, चेहरा फुगलेला. डॉक्टरीणबाई जावयाला सांगत होत्या, आता थांबता येत नाही. मुलगी खाटेचा दांडा धरून म्हणत होती, दोन मिनिटं. मला बघितल्यावर तिनं दांडा सोडला.

"उतरलात का?" ती म्हणाली.

"दोनदा," मी म्हटलं.

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, तिची आई ठेवायची तसा. तसा जमला की नाही माहीत नाही. हात माझा खडबडीत. मी म्हटलं, "काही खटकत असेल तर आताच सांग. लाजू नकोस, चालतंय म्हणू नकोस."

"डोकं दुखतंय. सकाळपासून. याला सांगितलं नाही, घाबरेल म्हणून."

मी ओरडलो. लूमखात्यातल्या आवाजात. सगळा मजला थांबला. "डॉक्टरीणबाई! हिचं सकाळपासून डोकं दुखतंय, हिनं सांगितलं नाही!"

जावयानं शरमेनं खाली बघितलं, पण डॉक्टरीणबाई लगेच वळल्या, मुलीला दोन-चार गोष्टी विचारल्या, डोळ्यांपुढं अंधारी येते का, पोटात वर दुखतं का, आणि नर्सला एक इंजेक्शन आणायला सांगितलं. मला म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मग आत नेलं. दार बंद झालं.

मी आणि जावई बाकावर बसलो. त्याची आई देवळात गेली होती. जावई मोबाईल नुसताच उघडबंद करत होता. तो फार शिकलेला आहे, माझ्याशी काय बोलावं त्याला कधी सुचत नाही. मी त्याला विमानात काय झालं ते सांगत बसलो. पोलीस, आवाज, टोपीवाला, सगळं. तो हसत होता की नाही मी बघितलं नाही, कारण माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं. आत कोणी बोललं तरी मी सांगणं थांबवायचो.

मग दार उघडलं. एक सावळी नर्स कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आली. हिंदीत म्हणाली, लड़की है, माँ ठीक है. जावई उठला आणि परत बसला.

नर्स इकडेतिकडे बघायला लागली. "लड़की की माँ की माँ कौन है? पहले उनको देते हैं."

बाकावर आम्ही दोघंच होतो.

"मैं," मी म्हटलं.

तिनं माझी मिशी पाहिली, धोतर पाहिलं, आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "हाथ धोए?"

मी धुवायला पळालो. साबणानं, कोपरापर्यंत, दोनदा धुतले. परत आलो तर ती तिथंच उभी होती. "ऐसे नहीं, अप्पा. सिर के नीचे. सिर के नीचे हाथ." मी हात खाली घेतला. "और ढीला. इतना कसके नहीं." मी सैल केला. ती एकेक सांगत होती आणि मी तसं करत होतो. नातीनं डोळे घट्ट मिटले होते. तिचा श्वास चालला होता, छोटा, भरभर, मधे एकदा थबकून परत चालणारा. मी नर्सला विचारलं, "ये बीच में रुकता है, ठीक है ना?"

ती म्हणाली, "ठीक है. छोटे बच्चे का ऐसा ही होता है."

"पक्का?"

नर्स हसली. मग वाकून, कान जवळ नेऊन, तिनंही एकदा नीट ऐकलं.